प्रश्नात दिलंय

पडद्यावर ‘राँग आन्सर’ उमटलं की टीममधली तिघं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग कागदावर वाकतात. हॉलच्या कडेला उभ्या असलेल्या आम्हा आयोजकांकडे कुणी बघत नाही. इतकी वर्षं ही स्पर्धा भरवते आहे, पण त्या क्षणाचं दडपण अजून येतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हे त्या मुलांनी धरूनच घेतलेलं असतं. परीक्षक चुकले असतील ही शंका त्यांना सगळ्यात शेवटी येते, बहुतेकदा येतच नाही.

कॉलेजच्या टीम्सच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेची प्रादेशिक फेरी, म्हणजे आमच्या बोलण्यातली ‘रिजनल’. मी आधी तिच्यात खेळले. मग एक वर्ष फुगे वाटले, एक वर्ष प्रिंटर सांभाळला, आणि हळूहळू प्रश्न काढणाऱ्यांच्या खोलीत जाऊन बसले. या स्पर्धेची सुरुवात १९७० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झाली असं मानतात. पहिली अंतिम फेरी १९७७ची. आज तिला आयसीपीसी (इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट) म्हणतात आणि जगभरातली विद्यापीठं आपापल्या रिजनलमधून तिथे टीम पाठवतात. मधल्या काळात संगणक बदलले, भाषा बदलल्या. एका टीमला एकच संगणक, ही अट मात्र टिकून आहे.

नियम ऐकायला सोपे आहेत. तिघांची टीम, पाच तास, दहा-बारा प्रश्न. प्रत्येक प्रश्नासाठी प्रोग्रॅम लिहून पाठवायचा. तो आमच्याकडे लपवून ठेवलेल्या टेस्ट केसेसवर, म्हणजे तपासणीसाठी तयार केलेल्या इनपुटवर, चालतो आणि एकूण एक केस बरोबर आली तरच प्रश्न सुटला. अर्धे गुण नाहीत. ‘पद्धत बरोबर होती, शेवटी जरा घसरलं’ याला काही मिळत नाही. जास्त प्रश्न सोडवणारी टीम वर; प्रश्न सारखेच झाले तर कमी वेळ लागलेली वर. सुटलेल्या प्रश्नावर त्याआधी जितकी चुकीची सबमिशन्स गेली असतील, त्यातल्या प्रत्येकाचा २० मिनिटं दंड त्या वेळात मिळवला जातो. आणि चुकलं तर नेमकं काय चुकलं हे आम्ही सांगत नाही. उत्तर चुकलं, वेळ संपली, प्रोग्रॅम मध्येच कोसळला, एवढंच कळतं. कुठल्या केसवर, ते नाही.

म्हणून आमचा नकार खरा असला पाहिजे. हॉल, वीज, नेटवर्क, फुगे, बॅज, बक्षिसं या सगळ्याची धावपळ त्या एका गोष्टीसाठी असते. ‘राँग आन्सर’ वाचून टीम पुढचा तास स्वतःची चूक शोधण्यात घालवणार असेल, तर ती चूक तिथे असायलाच हवी.

एका वर्षी ती नव्हती. त्याबद्दल सांगायचंच आहे, पण प्रश्न कसे तयार होतात हे आधी सांगितल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

प्रश्न सुचायला एक संध्याकाळ पुरते, कधी कधी बस थांब्यावर येईपर्यंतही सुचतो. पुढचे चार-सहा महिने त्या प्रश्नावर संशय घेण्यात जातात. ज्याने प्रश्न काढला त्याचं उत्तर आम्ही गृहीत धरत नाही. आणखी दोघं जण, लेखकाशी एक शब्दही न बोलता, नुसता प्रश्न वाचून आपापला प्रोग्रॅम लिहितात. एक सी प्लस प्लसमध्ये असतो, एक जावा किंवा पायथनमध्ये. तिघांची उत्तरं प्रत्येक टेस्ट केसवर जुळली पाहिजेत. जुळली नाहीत की मला खरं सांगायचं तर बरं वाटतं. महिनाभर आधी काहीतरी सापडलं ना.

त्यानंतर मला सगळ्यात आवडणारं काम येतं, मुद्दाम चुकीचे प्रोग्रॅम लिहिण्याचं. स्पर्धकाच्या जागी बसायचं आणि तो कुठे घसरेल ते ओळखायचं. नाण्यांचं उदाहरण घ्या. १, ३ आणि ४ किमतीची नाणी आहेत आणि ६ ही रक्कम कमीत कमी नाण्यांत द्यायची आहे. हाताला आधी मोठं नाणं लागतं. ४ उचललं, उरले २, म्हणजे १ आणि १. तीन नाणी झाली. पण ३ आणि ३ घेतली असती तर दोनच पुरली असती. ‘दर वेळी सगळ्यात मोठं उचला’ हा विचार कितीतरी रकमांवर बरोबर येतो आणि अशा एखाद्या ६ वर अडखळतो. आमच्या टेस्ट केसेसमध्ये तो ६ आहे ना, हे तपासायचं असतं. नसेल तर चुकीचा विचार करणारी टीम ‘अ‍ॅक्सेप्टेड’ घेऊन जाईल आणि ज्यांनी ती चूक ओळखून वेळ खर्च केला ते मागे राहतील. खोटा होकारही कुणाच्या तरी वेळेवर उभा असतो.

आकड्यांच्या मर्यादांचंही तसंच. उणे संख्याही धरणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ यापेक्षा मोठी संख्या मावत नाही. दोन लाख संख्यांची बेरीज विचारली आणि प्रत्येक संख्या शंभर कोटींपर्यंत असू शकत असेल, तर बेरीज त्या मर्यादेच्या पार पलीकडे जाते. ज्याने मोठ्या संख्या मावणारा डेटाटाइप घेतला नाही त्याचं उत्तर उणे किंवा भलतंच होऊन बाहेर पडेल. सोबत दिलेल्या छोट्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. मर्यादा प्रश्नात छापलेल्या असतात. त्या वाचून स्वतःच विचार करायचा.

वेळेची मर्यादा ठरवण्यावरून आमच्या खोलीत दरवर्षी वाद होतात. दोन लाख घटक असतील आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली, तर चार हजार कोटी पायऱ्या होतात. साध्या हिशेबाने सेकंदाला दहा कोटी पायऱ्या धरल्या तर चारशे सेकंद. तेच आधी क्रमाने लावून घेतलं तर काम काही लाख पायऱ्यांत उरकतं. इतकी दरी असते तेव्हा मर्यादा कुठेही ठेवा, भांडण नाही. अवघड जातं ते मधल्या प्रोग्रॅम्सचं. विचार बरोबर आहे पण भाषा संथ आहे, किंवा विचार थोडा कच्चा आहे पण कोड चलाख आहे. माझं मत ठाम आहे की बरोबर विचार करणारी टीम भाषेमुळे अडकू नये. म्हणून आमच्या सगळ्यात संथ बरोबर प्रोग्रॅमला लागतो त्याच्या दुपटीहून कमी वेळ देण्याच्या मी विरोधात असते. एखादा कच्चा विचार त्यातून निसटला तरी चालेल.

आणि एक प्रश्न सोपा असलाच पाहिजे. पूर्ण संचाबद्दल परीक्षकांची एक जुनी इच्छा असते: प्रत्येक टीमला निदान एक प्रश्न सुटावा, प्रत्येक प्रश्न निदान एका टीमला सुटावा, आणि कुणालाच सगळे सुटू नयेत. यातला पहिला भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा आलेली, प्रशिक्षक नसलेली, कॉलेजातून एकुलती एक आलेली टीम पाच तास बसून शून्य घेऊन गेली, तर ती चूक प्रश्न काढणाऱ्यांची. तरुण परीक्षकांना सोपा प्रश्न लिहिणं कमीपणाचं वाटतं. मी तो स्वतःकडे मागून घेते. त्यात एकही आडवळण राहू नये यासाठी मी अवघड प्रश्नापेक्षा जास्त खपते.

आता त्या वर्षाबद्दल.

प्रश्न भूमितीचा होता. प्रतलावर काही बिंदू दिलेले आणि त्यांच्याबद्दल काहीतरी मोजायचं. मर्यादांच्या परिच्छेदात शेवटी एक छोटं वाक्य होतं: ‘सर्व बिंदू वेगवेगळे आहेत.’ टेस्ट केसेस तपासायला आम्ही व्हॅलिडेटर वापरतो. प्रश्नात लिहिल्याप्रमाणेच इनपुट आहे का, संख्या मर्यादेत आहेत का, ओळीच्या शेवटी फालतू स्पेस राहिली आहे का, हे तो छोटा प्रोग्रॅम बघतो. त्या प्रश्नाचा व्हॅलिडेटर संख्या मर्यादेत आहेत हे बघत होता. बिंदू वेगवेगळे आहेत हे तो बघत नव्हता. आणि यादृच्छिक पद्धतीने तयार केलेल्या एका मोठ्या केसमध्ये दोन बिंदू एकाच जागी पडले होते.

आमच्या तिन्ही उत्तरांना त्याने काही फरक पडला नाही. तिघांनी स्वतंत्रपणे लिहूनही पद्धत एकच वापरली होती आणि त्या पद्धतीला सारखे बिंदू चालत होते. तिघं जुळले म्हणून आम्ही निश्चिंत झालो. त्या दिवशी मला कळलं की स्वतंत्रपणे काम करूनही माणसं एकाच वाटेने जाऊ शकतात.

एका टीमने वेगळी वाट धरली. त्यांची पद्धत आमच्याहून देखणी होती, हे मी नंतर त्यांचा कोड वाचून सांगते आहे. कोनांवरून क्रम लावायचा, आणि तो लावताना कुठलेही दोन बिंदू एकाच जागी नाहीत यावर विसंबायचं. प्रश्नाने तसं वचन दिलेलं होतंच. त्यांचं पहिलं सबमिशन ७१व्या मिनिटाला आलं. राँग आन्सर. अर्ध्या तासाने दुसरं, राँग आन्सर. मग तिसरं. त्यानंतर त्यांनी आम्हाला विचारलं. स्पर्धेत शंका विचारायची सोय असते. टीम प्रश्न टाइप करते आणि आम्ही उत्तर देतो. त्यांची शंका एका ओळीची होती: दोन बिंदू एकाच जागी असू शकतात का?

उत्तर मी दिलं. अशा शंकांना ठरलेलं एक उत्तर असतं, आणि दिवसभरात ते पन्नास वेळा पाठवावं लागतं: ‘प्रश्न पुन्हा वाचा.’ मी तेच पाठवलं. डेटा उघडून बघितला नाही. प्रश्नात लिहिलेलं होतं, म्हणजे तसंच असणार, असं मीही धरून चालले.

चौथा तास संपत आला तेव्हा आमच्यातल्या एकाला खटकलं की एक चांगली टीम इतका वेळ एकाच प्रश्नावर का अडकली आहे. त्याने केस उघडली. मग खोलीत कुणी काही बोललं नाही. आम्ही ती केस काढली, त्या प्रश्नाची सगळी सबमिशन्स नव्याने तपासली आणि सगळ्या टीम्सना घोषणा पाठवली. त्या टीमचं ७१व्या मिनिटाचं सबमिशन ‘अ‍ॅक्सेप्टेड’ झालं. दंड पुसला गेला. स्कोअरबोर्डवर आता सगळं असं दिसत होतं, जणू त्यांना तो प्रश्न पहिल्याच झटक्यात सुटला होता. मधले पावणेतीन तास कुठल्याच रकान्यात नव्हते.

वेळ वाढवून द्यावा का यावर आम्ही बोललो. सगळ्यांना वाढवला तर त्यांना वेगळं काही मिळत नव्हतं. त्यांना एकट्यांना वाढवला तर बाकीच्यांना कळलेले निकाल, सुटलेल्या प्रश्नांवरची गर्दी, हे सगळं त्यांच्या बाजूने झुकलं असतं. प्रश्नच रद्द केला तर ज्यांनी तो नीट सोडवला त्यांचं नुकसान. यातला एकही मार्ग न्याय्य नव्हता. शेवटी काहीच केलं नाही. पुढच्या फेरीसाठी त्यांना एक प्रश्न कमी पडला. नियमाप्रमाणे रिजनलमध्ये पाचच वर्षं उतरता येतं आणि शिक्षणाच्या वर्षांचीही अट असते. तिघांचंही ते शेवटचं वर्ष होतं.

त्यांना भेटून मी काय झालं ते सगळं सांगितलं, ते उत्तर मीच दिलं होतं हेही सांगितलं. एक जण म्हणाला, आम्ही बाकीच्या प्रश्नांकडे आधीच वळायला हवं होतं. त्याने तसं म्हणायला नको होतं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही एक पद्धत पाडली. ज्याने प्रश्न लिहिलेला नाही आणि सोडवलेलाही नाही, अशा एकाने छापील प्रश्न घेऊन त्यातलं प्रत्येक वचन रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करायचं. ‘सर्व वेगवेगळे’, ‘किमान एक मार्ग आहेच’, ‘उत्तर एकमेव आहे’, ‘सगळी इंग्रजी अक्षरं स्मॉल’. मग प्रत्येक अधोरेखित वाक्याला व्हॅलिडेटरमध्ये त्याची ओळ दाखवायची. ओळ नसेल तर प्रश्न पुढे जात नाही. तीन उत्तरांपैकी एक मुद्दाम वेगळ्या पद्धतीने लिहायचं, मग ते कितीही वेडंवाकडं आणि संथ का असेना. आणि ‘प्रश्न पुन्हा वाचा’ हे पाठवण्याआधी डेटा उघडायचा. दर वेळी. पन्नासाव्या वेळीही.

हॉलमधलं बाकीचं काम याच डोळ्याने बघायला लागले. आदल्या दिवशीच्या सराव फेरीत आम्ही टीम्सना सांगतो, मुद्दाम चुकीचा कोड पाठवा, न संपणारा लूप पाठवा, भरमसाट मेमरी मागा. यंत्र काय म्हणतं ते आज बघून ठेवा. त्यांचा संगणक आणि तपासणारा संगणक शक्यतो एकाच जातीचे असावेत, नाहीतर इथे एका सेकंदात धावलेला प्रोग्रॅम तिथे वेळेत बसत नाही. तपासणीसाठी डॉमजज किंवा पीसी स्क्वेअर्डसारखी तयार प्रणाली मिळते. पहिली मूळ उट्रेख्त विद्यापीठातली, तिथल्या डोम मनोऱ्यावरून नाव पडलेली. दुसरी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या सॅक्रामेंटोमधली. प्रणाली चांगली आहे म्हणून काम संपत नाही. प्रत्येक संगणकाचं घड्याळ एकच वेळ दाखवतं का, वीज गेली तर सर्व्हर किती मिनिटं तग धरतो, टीमच्या फाइल्सची प्रत दर काही मिनिटांनी दुसरीकडे जाते का, हे हाताने वायर काढून बघावं लागतं. आता एडिटरमध्ये स्वतःहून कोड पुरा करणारी साधनं आलेली असतात. ती बंद आहेत ना, हेही प्रत्येक संगणकावर बसून बघायचं.

प्रिंटरला लोक कमी लेखतात. एक संगणक तिघांत असल्यामुळे चुकलेला कोड पडद्यावर न्याहाळत बसणं परवडत नाही. तो छापायचा, खुर्ची दुसऱ्याला द्यायची आणि कागदावर चूक शोधायची. सगळं टीमवर्क या अदलाबदलीत आहे. एक टाइप करतो, एक पुढच्या प्रश्नाची आकडेमोड करतो, एक छापलेल्या कोडवर पेन्सिल फिरवतो. कागद दहा मिनिटं उशिरा पोचला तर ती साखळीच तुटते. म्हणून प्रिंटरपाशी मी सगळ्यात चपळ व्हॉलंटियर ठेवते, फुग्यांपाशी नाही.

फुग्यांचं काम मात्र सगळ्यांना हवं असतं. प्रश्न सुटला की त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा टेबलाला बांधायचा. रंग कागदावर निवडू नयेत हे मी एकदा शिकले. हॉलमधल्या दिव्यांखाली लाल आणि केशरी एकच दिसतात आणि मग टीम्स चुकीच्या प्रश्नाच्या मागे लागतात. कारण फुगे सजावटीला नसतात, ती बातमी असते. पाच टेबलांवर निळा दिसला की निळा प्रश्न सोपा आहे हे साऱ्या हॉलला कळतं. प्रश्न सोपा-अवघड अशा क्रमाने छापलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला तिघांनी कागद वाटून घेऊन आपला पहिला प्रश्न शोधायचा असतो. मागची टेबलं पुढच्या फुग्यांवरून दिशा घेतात. यात मला काहीच वावगं वाटत नाही.

शेवटच्या तासाला स्कोअरबोर्ड गोठवतात. सबमिशन झालं एवढं दिसतं, निकाल दिसत नाही. तो फक्त त्या टीमला कळतो. आम्ही फुगेही थांबवतो. पाच तासांतला मला सर्वात प्रिय असा हा तास आहे. कोण पुढे ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक जण आपल्यापुरता खेळतो. शेवटच्या दहा मिनिटांत हॉलमध्ये फक्त कीबोर्डचा आवाज असतो, मधूनच एखाद्या टेबलावर तिघं एकदम उठतात आणि पुन्हा खाली बसतात. काय झालं ते मला माझ्या पडद्यावर दिसत असतं. तोंडावर दिसू द्यायचं नसतं.

संपल्यावर मुलं बाहेर जातात आणि टेबलं आवरायला आम्ही आत येतो. कच्चे कागद गोळा करून फाडून टाकायचे असतात. ते मी वाचत नाही, तो त्यांचा खासगी ऐवज. त्या वर्षी मात्र एका टेबलापाशी थांबले. कागदावर सहा बिंदूंचं उदाहरण हाताने सोडवलेलं होतं. पाच वेळा, एकाखाली एक, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. पाचही वेळा उत्तर तेच आलं होतं आणि ते बरोबर होतं. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी दोन बिंदू एकमेकांवर काढून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मग त्यावर काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘नाही. प्रश्नात दिलंय.’